मेंदूतील वाटसरू



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा त्यांच्यापैकी एका जुन्या स्नेह्यांनी कपाळाला आठी घालून म्हटले, "मास्तर, गर्भातल्या मेंदूच्या पेशी कशा चालतात हे अकोल्यात कोण ऐकायला येणार? कांद्याच्या भावावर बोला, मांडव अपुरा पडेल." आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की, कांदा काहींच्या शेतात पिकतो, पण मूल सगळ्यांच्या घरात जन्मते. आज मांडव भरलेला दिसतो आहे. आमच्या स्नेह्यांनीही पुढची जागा धरली आहे, हे पाहून बरे वाटले.

विषय निवडण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी डोंगराकडच्या एका वाडीवरून एक बाई आमच्याकडे आली. कडेवर अडीच-तीन वर्षांचे मूल होते. ते मान धरत नव्हते. त्याला दिवसातून कितीदा तरी झटके येत. हातात शहरातल्या दवाखान्याचे मोठे पाकीट, त्यात मेंदूची छायाचित्रे आणि इंग्रजी कागद. आम्ही शिकवण्याच्या धंद्यातले, म्हणून कागद वाचून दाखवा एवढेच तिचे मागणे. कागदावर 'लिसेनसेफली' असा ग्रीक शब्द होता. त्याचा अर्थ गुळगुळीत मेंदू. अक्रोडाच्या गरावर असतात तशा ज्या वळ्या आपल्या मेंदूवर असतात, त्या या मुलाच्या मेंदूवर जवळजवळ नव्हत्याच. आम्ही ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सर, पोटात असताना गिऱ्हाण पाळलं नव्हतं मी. भाजी चिरली होती. सासू म्हणते त्याच्यामुळं झालं. खरं का?"

आम्ही "नाही" म्हणालो. पण नुसत्या "नाही"ने तिचे समाधान झाले नाही, आणि ते व्हायलाही नको होते. सासूपाशी एक कारण होते, आमच्यापाशी फक्त नकार होता. ती निघून गेली. त्या दिवशी तिला जे सांगता आले नाही, ते आज आपल्यापुढे सांगणार आहोत.

आता मूळ विषयाकडे येऊ. गर्भ चार आठवड्यांचा होतो तेव्हा मेंदू म्हणजे एक बारीक नळी असते. नळीच्या पोकळीत पाणी, आणि पोकळीला लागून आतल्या बाजूस भराभर दुभंगणाऱ्या पेशींचा थर. मज्जापेशी, ज्यांना इंग्रजीत न्यूरॉन म्हणतात, त्यांतल्या पुष्कळजणींचा जन्म या आतल्या थरात होतो. पण मेंदूची जी साल, जिच्या बळावर आपण बोलतो, हिशेब करतो आणि आज हे व्याख्यान ऐकतो आहोत, ती तर बाहेरच्या अंगाला. म्हणजे जन्म एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी असतात, आणि त्यांतील बहुतेकींना जन्मस्थान सोडून चालत जावे लागलेले असते. सालीच्या पेशींच्या या प्रवासाचा मोठा भाग गर्भाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात उरकतो. 'चालत' हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरत नाही. पेशी खरोखरच चालते. तासाला मिलिमीटरचे काही शंभरावे भाग एवढाच तिचा वेग, पण तिच्या स्वतःच्या अंगाच्या मानाने ती शेकडो पट अंतर तोडते.

ती चालते कशी? पुढे एक लांब सोंड काढते. सोंडेचे टोक इकडे तिकडे चाचपत पुढे सरकते आणि कशाला तरी घट्ट धरते. मग पेशीच्या पोटातले केंद्रक, जे सर्वांत अवजड सामान, ते हिसका देऊन पुढे ओढले जाते. शेवटी मागची शेपटी सुटते. पुन्हा सोंड, पुन्हा हिसका. डोक्यावर गाठोडे घेऊन घाट चढणारा माणूस चार पावले टाकतो, थांबतो, पुन्हा चार पावले टाकतो, तसे हे आहे. पेशीच्या आत सूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा असतो आणि त्यावर ओढकाम करणारी प्रथिने असतात. गाठोडे तीच ओढतात. हे गाठोडे लक्षात ठेवा, त्या मुलाची गोष्ट पुढे त्याच्यापाशीच येणार आहे.

पण पायात बळ असून भागत नाही, वाट कळायला हवी. आपल्या डोंगरभागातली माणसे कामासाठी नारायणगाव, ओतूरकडे उतरतात, तेव्हा कोणी नकाशा हातात घेऊन निघतो काय? आधी गेलेल्या चुलत्याच्या मागून जातो, नाक्यावर ओळखीच्या माणसापाशी थांबतो, तो सांगेल तिथे राहतो. मज्जापेशीचे तसेच आहे. तिच्याजवळ स्वतःचा नकाशा अपुरा असतो. बाकीचे सर्व तिला शेजारच्या पेशी सांगतात. कोणी धरायला अंग देते, कोणी "इकडे नको" म्हणून ढकलते, कोणी "आता थांब" म्हणते. आजच्या व्याख्यानाचा गाभा म्हणाल तर या शेजाऱ्यांचाच आहे.

श्रोत्यांपैकी अर्ध्याअधिक लोकांनी बारीहून कळसूबाई चढलेली असेल. सोळाशे सेहेचाळीस मीटरांचे ते शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. जिथे कातळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या आणि साखळ्या लावल्या आहेत. साखळी धरली की नवखाही वर पोचतो. गर्भाच्या मेंदूत अशाच साखळ्या असतात. फरक इतकाच की त्या जिवंत असतात. आतल्या थरात एका जातीच्या पेशी बसलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या अंगातून एक लांबच लांब तंतू निघून थेट मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागाला भिडतो. चाकाच्या आऱ्या तुंब्यापासून धावेपर्यंत जातात तसे हे तंतू. शास्त्रात त्यांना 'रेडियल ग्लिया' म्हणतात. आम्ही आपल्या सह्याद्रीतला शब्द वापरतो आणि त्यांना वाटाड्या पेशी म्हणतो.

हे तंतू जुन्या शास्त्रज्ञांनाही दिसले होते. इटलीच्या गॉल्जीने १८७३ साली चांदीच्या क्षारांनी पेशी काळ्या रंगवण्याची युक्ती काढली. त्या युक्तीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गर्भाच्या मेंदूत हे लांब धागे अनेकांनी पाहिले. पण 'ग्लिया' या शब्दाचा मूळ अर्थ डिंक किंवा सरस. मेंदूतला हा नुसता भराव, असे समजून त्यांना पुष्कळ काळ दुय्यम मानले गेले. मग १९७०च्या सुमारास युगोस्लाव्हियातून अमेरिकेत गेलेल्या पास्को राकिच यांनी माकडाच्या गर्भाच्या मेंदूचे अतिशय पातळ काप ओळीने घेतले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काप पाहिला आणि कापांवरून पूर्ण चित्र पुन्हा उभे केले. १९७२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. प्रत्येक वाटसरू मज्जापेशी एका तंतूला वेलीसारखी लपेटून वर चढत असलेली त्यात दिसत होती. १९८७ साली मेरी हॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्याने काचेच्या भांड्यात जिवंत पेशी ठेवून हाच चढ चलच्चित्रात टिपला.

हॅटनबाईंच्या प्रयोगांतली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. वाटाड्या पेशी एकट्याच भांड्यात ठेवल्या तर त्या पसरट होतात आणि नुसत्या वाढत सुटतात. त्यांच्यात मज्जापेशी सोडल्या की त्यांची वाढ आवरते, अंग लांब होते, आणि त्या पुन्हा वाटाड्या दिसू लागतात. म्हणजे वाटाड्यामुळे वाटसरू चालतो हे तर खरेच, पण वाटसरू असेल तरच वाटाड्याही वाटाड्या राहतो. आणखी एक गंमत आहे. मेंदूच्या एका भागातली मज्जापेशी दुसऱ्या भागातल्या वाटाड्याच्या अंगावरही तितक्याच आनंदाने चढते. कुठल्या गावची साखळी हे ती विचारत नाही.

या शतकाच्या आरंभी, २००१च्या सुमारास, याहूनही मोठा उलगडा झाला. या वाटाड्या पेशी म्हणजे केवळ दोर नव्हेत. मज्जापेशींना जन्म देणाऱ्या आयाही त्याच. वाटाड्या पेशी दुभंगते, एक भाग आपल्या जागी आई म्हणून राहतो, दुसरा भाग मज्जापेशी होऊन निघतो, आणि पुष्कळदा तो त्या आईच्याच तंतूवरून वर चढतो. लेकरू आईच्या अंगावरून चढून आपल्या जागी जाते. काम संपल्यावर यांतील बहुतेक आया रूप पालटतात, तंतू आखडून घेतात आणि मज्जापेशींची देखभाल करणाऱ्या पेशी होतात.

आता थांबायचे कुठे? इथे निसर्गाने एक उलटा नियम केला आहे. आपल्या मांडवात आधी आलेला पुढे बसतो आणि उशिरा आलेला दाराशी उभा राहतो. मेंदूत आधी आलेल्या पेशी आतल्या बाजूच्या थरात बसतात, आणि मागाहून येणाऱ्या पेशी त्यांच्यामधून वाट काढत पुढे जाऊन त्यांच्या वरच्या थरात बसतात. १९६१ साली अँजेव्हिन आणि सिडमन यांनी उंदरांच्या पेशींवर त्यांच्या जन्माच्या दिवशी किरणोत्सारी खूण करून हे सिद्ध केले. उशिरा येणाऱ्याने बसलेल्यांना ओलांडून पुढे जावे, ही शिस्त कोण राखते? याचे उत्तर एका झोकांड्या खाणाऱ्या उंदराने दिले. १९५१ साली एडिंबरोला फाल्कनर यांनी उंदरांची एक जन्मजात विकृत जात नोंदवली होती. दारू प्याल्यासारखी तिची चाल, म्हणून तिचे नाव 'रीलर'. तिच्या मेंदूत थरांचा क्रम बिघडलेला असतो. मागून आलेल्या पेशी पुढच्यांना ओलांडू शकत नाहीत आणि दाराशीच खोळंबतात. १९९५ साली या उंदरात कोणते प्रथिन नाही ते सापडले. त्याचे नाव रीलिन ठेवले. हे प्रथिन मेंदूच्या पृष्ठभागाजवळ बसलेल्या काही थोड्या पेशी सोडतात. त्या स्वतः लवकर येऊन बसलेल्या असतात, पुढे त्यांतल्या बहुतेक मरूनही जातात. पण तोवर मागून येणाऱ्या लाखो पेशींना रांग लावून देण्याचे काम त्या करतात. गावच्या जत्रेत असा एखादा म्हातारा असतो. त्याला कोणी नेमलेले नसते, पण तो नसेल त्या वर्षी दर्शनाची रांग मोडते.

हे सगळे एडिंबरो-अमेरिकेचे झाले. मुंबईची गोष्ट सांगतो. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, १९४५ साली होमी भाभांनी उभी केलेली. अणूचे नाव निघाले की ती आठवते, पण १९६२पासून तिथे जीवशास्त्राचेही काम चालते. तिथे डॉ. शुभा तोळे यांची प्रयोगशाळा गर्भातला मेंदू कसा घडतो याचाच अभ्यास करते. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डला. भीती, राग, वास यांच्याशी त्याचा संबंध. त्याचा एक तुकडा कोठून येतो हे नीट ठाऊक नव्हते. तोळेबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदराच्या गर्भात, आईच्या पोटात असतानाच, काही मोजक्या पेशींत हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातले आणि नंतर तो हिरवा प्रकाश कुठवर गेला ते पाहिले. मेंदूच्या अगदी मागच्या टोकापासून निघून पेशींचा एक प्रवाह वळण घेत अमिग्डलापर्यंत आलेला दिसला. हा प्रवाह त्याआधी कोणी ओळखला नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा प्रवाहही रीलिनचेच ऐकतो. सालीच्या पेशी आणि अमिग्डलाच्या या पेशी, दोघींची शिस्त एकच. हा शोध २००७ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१३ साली याच प्रयोगशाळेने वासाच्या एका केंद्राकडे जाणारा दुसरा प्रवाह दाखवला, आणि तो बेडकातही आढळला. डॉ. तोळे यांना २०१० साली भटनागर पुरस्कार आणि २०१४ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. ही वर्षे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या वर्गात शास्त्रज्ञाचे चित्र काढा म्हटले की मुली आजही दाढीवाला गोरा माणूस काढतात.

सगळ्याच पेशी आतून बाहेर सरळ चढत नाहीत. काही आडव्या जातात. सालीतल्या ज्या पेशी इतरांना आवर घालतात, झटके येऊ देत नाहीत, त्यांचा जन्म खालच्या दुसऱ्याच भागात होतो आणि त्या लांबून आडवाटेने सालीत येतात. हे १९९७ साली उंदरात स्पष्ट झाले. आणि काही पेशी तर नाकातून मेंदूत शिरतात! वयात येण्याची कळ ज्या पेशींच्या हाती असते, त्या गर्भाच्या नाकात जन्मतात आणि वासाच्या मज्जातंतूंच्या सोबतीने मेंदूच्या तळाशी पोचतात. १९८९ साली हे कळले. तंतूंची ही वाट काही मुलांत मेंदूपर्यंत जोडलीच जात नाही. मग पेशी वाटेत अडकतात. असा मुलगा मोठा होतो, पण मिसरूड फुटत नाही, आवाज फुटत नाही, आणि त्याला वासही येत नाही. गावात त्याची काय चेष्टा होते हे आम्ही शाळेत पाहिले आहे. त्याला औषध आहे. संप्रेरके दिली तर तो वयात येतो. सोळा-सतरा वर्षांचा असा मुलगा आपल्या पाहण्यात असेल तर त्याला फुलाचा, रॉकेलचा वास येतो का एवढे विचारा, आणि त्याला डॉक्टरकडे न्या. नवस करण्यात वर्षे घालवू नका.

आता त्या बाईच्या मुलाकडे येतो. गुळगुळीत मेंदूमागचे एक जनुक १९९३ साली सापडले. आपल्या सतराव्या गुणसूत्रावरचे हे जनुक, मघाच्या त्या गाठोड्याच्या, केंद्रकाच्या, ओढकामाला लागते. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की सोंड पुढे जाते आणि गाठोडे मागेच राहते. पेशी निघतात, पण अर्ध्या वाटेत बसून जातात. साल जाडीभरडी होते, थर मोडतात आणि वळ्या पडत नाहीत. हा बिघाड बहुधा आईबापांपैकी कोणातच नसतो. बीज तयार होताना नव्याने होतो, जसे नकलून घेताना एखादे अक्षर चुकावे. त्यात कोणाचे पाप नाही.

दुसरे जनुक १९९८ साली सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्याला एक्स एकच असतो. ते जनुक बिघडले तर त्याचा मेंदू गुळगुळीत होतो. मुलीला एक्स दोन. तिच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच चालू राहतो. म्हणून तिच्या काही पेशी वर पोचतात आणि काही मध्येच थांबून आत एक दुसरी साल बनवतात. अशी मुलगी कधी झटके आलेली, कधी जवळजवळ इतरांसारखी असते. ती मोठी होऊन आई झाली, तर तिच्या मुलग्याला तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी.

इथे आम्हांला थोडे थांबावे लागते. सासू म्हणेल, "बघा, शेवटी आईकडूनच आले ना!" हो, काही घरांत आईकडून येते. पण आईने ते केलेले नसते. तिलाही ते तिच्या आईकडून किंवा बापाकडून आलेले असेल, किंवा तिच्यातच नव्याने झालेले असेल, आणि कित्येकदा तिने स्वतः आयुष्यभर फिटांचा त्रास काढलेला असतो. त्या बाईच्या कागदावर कोणते जनुक ते लिहिलेले नव्हते. पण दोहोंपैकी कोणतेही असो, चिरलेल्या भाजीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पेशी वाटेत थांबल्या, कारण त्यांचे सामान ओढणारे यंत्र अधू होते.

मग बाहेरच्या कशानेच या पेशींची वाट अडत नाही काय? अडते, आणि त्या गोष्टी ग्रहणापेक्षा पुष्कळ साध्या आहेत. १९४५ साली हिरोशिमा-नागासाकीवर बाँब पडले, तेव्हा जी बालके आईच्या पोटात आठ ते पंधरा आठवड्यांची होती, त्यांच्यात मतिमंदत्वाचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले. नेमका हाच पेशींच्या जन्माचा आणि प्रवासाचा ऐन हंगाम. त्यांतल्या काहींच्या मेंदूत पुढे भलत्याच जागी थांबलेल्या पेशींचे पुंजके दिसले. दारू ही दुसरी गोष्ट. गर्भवतीच्या पोटात गेलेली दारू या चालणाऱ्या पेशींना गोंधळात टाकते. तिसरी गोष्ट आयोडीनची. आयोडीन कमी पडले की गळ्यातल्या ग्रंथीचे संप्रेरक कमी पडते, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत अशा आयांच्या पिलांच्या मेंदूत पेशी चुकीच्या थरांत बसलेल्या आढळल्या. कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि तिथली गलगंडे ओसरली. आज दुकानात जे पुड्याचे मीठ मिळते ते त्या प्रयोगाचे फळ. जनावरांच्या दाण्यासाठीचे सुटे खडेमीठ स्वस्त म्हणून स्वयंपाकात वापरणारी घरे अजून आहेत. त्यांनी तेवढे मात्र बदलावे. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांविषयी कोणी विचारील म्हणून सांगतो. त्या याच्याही आधीच्या कामाच्या, नळी नीट मिटण्याच्या. ती चौथ्या आठवड्यात मिटते, म्हणून गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावी लागते.

त्या बाईला आम्ही नंतर पुन्हा भेटलो, एका बाजाराच्या दिवशी. मूल त्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गेले होते. तिच्या कडेवर दुसरे होते, वीस-पंचवीस दिवसांचे, मुलगी. मान धरायला अजून अवकाश होता, पण डोळे लखलखीत. आज सांगितले त्यातले जेवढे उभ्या उभ्या सांगता आले तेवढे आम्ही तिला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे हिचं सगळं चालून झालंय ना आता?"

आम्ही म्हणालो, बहुतेक झाले. पण सगळे नाही. तान्ह्या मुलांच्या मेंदूत कपाळामागच्या भागाकडे मज्जापेशींचे थवे अजून चाललेले असतात, जन्मानंतर काही महिने. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे बारशाला आपण पाळणा हलवतो, तेव्हा आत कोणी अजून वाटेवरच असते. तिने मुलीच्या कपाळावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच राहिला. मग गाडीची वेळ झाली म्हणून ती निघाली.